पडद्यावरचे चित्र (भाग ६) : बांधीतले आभाळ, वीस मिनिटांत

रोवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेली बांधी हा भंडारा जिल्ह्यातला बहुधा सर्वांत अवघड चित्रविषय. चिखलात आभाळ उतरलेले असते. ढग सरकला की वरचे आणि खालचे रंग एकदमच पालटतात. निवांत रंगवणाऱ्याच्या चित्रात मग डावीकडे एक उजेड आणि उजवीकडे भलताच उजेड दिसतो. ही अडचण जुनी आहे. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० सालच्या ग्रंथात बजावले होते, की निसर्गाच्या अभ्यासचित्राला फार तर दोन तास द्यावेत आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास. इंग्लंडमध्ये चित्रकार कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये ढगांची अभ्यासचित्रे केली. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदलेली आहे. घड्याळ तेव्हा आभाळातच होते.

टॅबलेटवर फोटोवरून रंगवताना तेच नेमके हरवते. फोटोतला ढग हलत नाही, नको असलेला फटकारा ‘अनडू’ने मिटतो आणि झूम करत गेले तर वैनगंगेवरच्या कारधा पुलाचा खांबन् खांब रंगवत बसता येते. म्हणून चित्र रेंगाळते ते मनगट मंद आहे म्हणून नव्हे. प्रत्येक निर्णय पुढे ढकलण्याची सोय आहे म्हणून. वीस मिनिटांचा गजर, एकच लेयर, एकच जाड ब्रश आणि झूम बंद, एवढे बंधन घातले की निर्णय टाळता येत नाही. पहिली पाच मिनिटे आभाळ, पाणी आणि धुरे यांच्या तीनच छटा, त्यांतली सर्वांत गडद कोणती एवढेच ठरवायचे. फोटोतला रंग थेट उचलून लावायचा नाही. तो नजरेने ओळखणे हाच तर सराव आहे.

यावर चित्रकला शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो : रेखांकन कच्चे असताना अशी घाई म्हणजे गबाळेपणाला परवाना. यात तथ्य आहे. यथार्थदर्शन न कळलेला विद्यार्थी वीस मिनिटांत तीच चूक फक्त लवकर करील. पण मोकळेपणा आणि गबाळेपणा यांतला फरक असल्या चित्रातच उघडा पडतो. ओणवून रोवणी करणारी बाई दुरून काढायची तर एक बाक आणि लुगड्याचा एक ठिपका पुरतो. मात्र तो बाक कमरेपाशी नेमका मोडला नाही, तर तिथे बाई नव्हे, धोंडा दिसतो. तपशिलाआड लपायला जागा नसते. तेव्हा रेखांकनाचा संथ सराव सोडायचा नाही, त्याच्या जोडीला हा ठेवायचा.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा तर अधिक गंभीर. पेनचा टॅबलेट प्रत्येक घरात येणार नाही. पण ‘क्रिता’सारखे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट चालते, आणि साध्या फोनवर बोटाने रंगवले तरी या सरावाचे फारसे बिघडत नाही. बोट जाड असते, पापण्या आणि पाने काढूच देत नाही.