लहान राष्ट्रांचे अर्थकारण (लेखांक सहावा) : उसाच्या बेटावरील संशोधन

अल्पविस्तार आणि निर्धन राष्ट्राने शास्त्रीय संशोधनावर पैसा खर्च करावा, की श्रीमंत राष्ट्रांनी सिद्ध केलेले ज्ञान तयार स्वरूपात विकत घेऊन त्यावर समाधान मानावे, हा प्रश्न गेल्या आठवड्याच्या लेखांकाच्या अखेरीस आपण अनिर्णित ठेवला होता. तो आज हाती घेताना अमूर्त तत्त्वांचा ऊहापोह करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष देशाचा इतिहास समोर ठेवणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. तो देश म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडे अधिक, आणि लोकसंख्या आज साडेबारा लाखांच्या आसपास. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर गिरमिटाच्या करारावर या बेटावर उतरले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील व घाटावरील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते. मॉरिशसच्या उसाचा इतिहास हा अशा रीतीने काही अंशी आपल्याही माणसांच्या घामाचा इतिहास आहे.

१९६१ मध्ये जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या मंडळाने या वसाहतीची आर्थिक पाहणी करून आपला अहवाल सादर केला. मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मॉरिशसविषयीचे त्यांचे निदान अत्यंत निराशाजनक होते. निर्यातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एका साखरेचा, हिवताप आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्येची वाढ भरधाव, दुसरे खनिज वा कच्चा माल नाही, बाजारपेठा हजारो मैल दूर, आणि समाज अनेक वंशांत व धर्मांत विभागलेला. अशा भूमीत शांततेने विकास होण्याची आशा थोडीच, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होता. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या पदरी हीच शिदोरी होती. मीड यांची गणिते चुकीची होती असे मला वाटत नाही. त्या बेटावर एका विषयापुरते ज्ञान निर्माण करण्याची जी व्यवस्था आधीच रुजलेली होती, तिचे मोल मात्र त्या गणितात पुरतेपणी उतरले नव्हते, असे माझे मत आहे.

लहान देशाची संशोधनातील मूळ अडचण पैशाच्या टंचाईहून सूक्ष्म आहे. विहीर दोन एकर भिजवणारी असो की वीस, पाणी लागेपर्यंत खणावेच लागते. त्याचप्रमाणे उसाची एक नवी जात सिद्ध करण्यास जो काळ, जी माणसे आणि जो खर्च लागतो तो ब्राझीलसारख्या विशाल देशात आणि मॉरिशससारख्या बेटावर जवळजवळ सारखाच असतो. लाभ मात्र लागवडीच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळतो. हा हिशेब एकट्या मळेवाल्याने मांडला तर संशोधन कधीच परवडणार नाही, आणि कोणी पदरमोड करून ते केलेच, तर त्याचे बेणे शेजारचा उचलून नेणार. बाहेरून ज्ञान विकत घेण्याचा मार्गही येथे अर्धाच खुला आहे. यंत्र विकत घेता येते, परंतु ज्वालामुखीच्या खडकांवर तयार झालेल्या मातीला, चक्रीवादळांच्या वाऱ्याला आणि पश्चिम किनाऱ्यावरील हजार मिलिमीटरच्या आतल्या पावसापासून मध्यवर्ती पठारावरील चार हजार मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला मानवेल असा ऊस जगातील कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही. त्या एवढ्याशा बेटावर हवामानाचे तीन निरनिराळे पट्टे आहेत, आणि प्रत्येकाची गरज वेगळी आहे.

ही जाणीव तेथे फार लवकर उत्पन्न झाली. १७६२ मध्ये फ्रेंच अंमलाखाली टोळांचा उपद्रव आवरण्यासाठी हिंदुस्थानातून साळुंक्या आणून बेटावर सोडण्यात आल्या. किडीच्या शत्रूला एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम नेण्याचा हा इतिहासातील अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. १८५३ मध्ये मळेवाल्यांनी आपली कृषिमंडळी स्थापली, आणि १८९३ मध्ये रेदुई येथे माती, खते आणि ऊस यांच्या पृथक्करणासाठी शास्त्रीय केंद्र सुरू झाले. १९११ च्या सुमारास उसाची मुळे खाणाऱ्या हुमणीने मळेच्या मळे बसवले, तेव्हा ही कीड बार्बाडोसहून आली असल्याचे ओळखून, तिच्यावर उपजीविका करणारी गांधीलमाशीची एक जात त्याच बार्बाडोसहून आणवून ती बेटावर रुजवण्याचे काम तेथील कीटकशास्त्रज्ञांनी केले. हुमणीचा उपद्रव ज्यांनी आपल्या शेतात अनुभवला आहे, त्या आपल्याकडील ऊस उत्पादकांना या कामाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

१९३० मध्ये सरकारी कृषिखात्याच्या आश्रयाखाली स्वतंत्र ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि त्या केंद्राच्या वाफ्यांतून एक रोप असे निपजले की त्याने पुढील वीस वर्षांत बहुतेक सारे बेट व्यापले. त्याचे नाव एम १३४/३२. म्हणजे मॉरिशसचे, १९३२ सालच्या मालिकेतील १३४ क्रमांकाचे रोप. को ७४० आणि को ८६०३२ ही नावे ज्यांच्या तोंडी बसली आहेत, त्यांना अशा अंकांमागे कोणती तपश्चर्या असते याची थोडीफार कल्पना असेलच. उसाला तुरा येतो तो विशिष्ट ऋतूत आणि विशिष्ट दिनमानात. दोन निवडक जातींचे तुरे एकत्र आणून त्यांचा संकर घडवावा लागतो, आणि त्यातून मिळणारे बी इतके बारीक व हलके असते की उघड्यावर ते वाऱ्याने सहज उडून जावे. त्या बियांपासून हजारो रोपे तयार होतात, आणि प्रत्येक रोप आनुवंशिक दृष्ट्या निराळे असते. पहिल्या वर्षी त्यांतील बहुसंख्य रोपे टाकून द्यावी लागतात. उरलेल्यांची टिपरी लावून दुसरी निवड, मग तिसरी. त्यानंतर कोरड्या, दमट आणि अतिदमट अशा तिन्ही पट्ट्यांत चाचणी, लागणीच्या पिकावर आणि त्यामागून येणाऱ्या एकामागून एक खोडव्यांवर, साखरेचा उतारा व रोगप्रतिकार पाहत. दहा-पंधरा वर्षांनी हजारो रोपांपैकी एखादे शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगे ठरते. निवडणूक चार-पाच वर्षांनी आणि अंदाजपत्रक दरसाल येणाऱ्या कोणत्याही राज्यव्यवस्थेत इतका दीर्घ धीर धरणारी संस्था कशी टिकवावी, हा माझ्या मते लहान देशातील संशोधनाचा खरा प्रश्न आहे.

मॉरिशसने त्याचे उत्तर १९५३ मध्ये शोधले. त्या वर्षी मॉरिशस साखर उद्योग संशोधन संस्था रेदुई येथे स्थापन झाली, आणि तिच्या खर्चाची तरतूद साखरेवर बसवलेल्या उपकरातून करण्यात आली. ही तजवीज वरवर साधी दिसते; तथापि तिच्यामागील बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. बेटावरील जवळजवळ सर्व साखर निर्यात होई. ती विकण्याचे काम १९१९ पासून एकाच सहकारी स्वरूपाच्या संघाकडे होते. आणि माल पोर्ट लुईच्या एकाच बंदरातून बाहेर जाई. त्यामुळे उपकराची वसुली बिनबोभाट होई आणि चुकवाचुकवीला फारशी जागा राहत नसे. मोठ्या कारखान्याचा मालक जसा पैसे देई, तसाच दीड-दोन एकरांचा हिंदी वंशाचा शेतकरीही आपल्या उसाच्या प्रमाणात देई, आणि म्हणूनच संस्थेच्या संशोधकांपुढे तक्रार घेऊन जाण्याचा हक्क दोघांनाही सारखाच होता. सरकारी खजिन्यातून येणाऱ्या अनुदानाला असा हक्कदार धनी नसतो. आपल्याकडे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा आधारही १९७५ पासून साखर कारखान्यांच्या वर्गणीवरच उभा आहे, ही गोष्ट येथे सहज आठवते.

१९६० च्या आरंभी अ‍ॅलिक्स आणि कॅरोल या दोन चक्रीवादळांनी बेट उद्ध्वस्त केले आणि साखरेचे उत्पादन मागील वर्षीच्या पावणेसहा लाख टनांच्या घरातून अडीच लाख टनांच्या आत आले. त्यानंतर निवडीच्या कसोट्यांत वाऱ्यापुढे तगण्याच्या गुणाला अधिक वजन मिळाले. १९७३ मध्ये उत्पादन सात लाख टनांच्या वर गेले. पुढे उसाच्या दोन ओळींमध्ये बटाटा घेण्याची पद्धती, रोगमुक्त बेणे, ठिबक सिंचन, काळ्या खडकांनी भरलेली शेते यंत्राच्या तोडणीसाठी मोकळी करण्याचे तंत्र, असे अनेक विषय संस्थेने हाताळले. त्यांच्या तपशिलात आज शिरण्याचे कारण नाही.

मात्र चिपाडाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रस काढून उरलेला बगॅस कारखान्याच्या बाष्पकात जाळावा आणि गाळपापुरती वाफ व वीज करून घ्यावी, ही रीत सगळीकडेच होती. परंतु कोळसा, तेल, वायू यांपैकी काहीही नसलेल्या या बेटावर सेंट अँटवान कारखान्याने १९५७ मध्येच उरलेली वीज सार्वजनिक जाळ्यात सोडली. १९८० च्या दशकाच्या मध्याला फ्लाक भागातील कारखान्यात गळीत हंगामात बगॅस आणि एरवी आयात कोळसा जाळून वर्षभर वीज पुरवणारे केंद्र उभे राहिले, आणि १९९१ मध्ये सरकारने त्यासाठी स्वतंत्र विकासयोजना आखली. विजेचा हा नफा कारखानदारांच्याच तिजोरीत पडू नये म्हणून १९९४ मध्ये एक गुंतवणूक न्यास स्थापून लहान ऊस उत्पादकांना व कामगारांनाही कारखान्यांत भागीदार करून घेण्यात आले. महाराष्ट्रातील कारखाने सहवीजनिर्मितीकडे वळले ते बऱ्याच नंतर.

आता याच बेटावरील दुसऱ्या उद्योगाकडे पाहू. १९७० मध्ये निर्यातप्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. एदुआर्द लिम फाट या मॉरिशियन प्राध्यापकांनी तैवान, पोर्तो रिको यांसारख्या ठिकाणचा अनुभव पाहून त्याचा पाठपुरावा केला होता. कुंपण घातलेल्या आवाराची अट न ठेवता बेटावर कोठेही कारखाना काढण्याची मुभा, आयात मालावर जकातमाफी आणि काही वर्षे करांतून सूट, या सवलतींमुळे हाँगकाँगचे कापडवाले आले; त्यांच्या मागोमाग साखरेच्या नफ्याचे स्थानिक भांडवलही आले. १९७५ च्या करारान्वये युरोपीय बाजारपेठ दरसाल सुमारे पाच लाख टन मॉरिशियन साखर बहुतेक वर्षी जागतिक भावाहून बऱ्याच चढ्या दराने घेत होती, आणि त्या पैशाचा बराच भाग शिवणयंत्रांत गुंतला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रात नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. मीड यांनी भाकीत केलेली बेकारी ओसरली. ही लहान कामगिरी नव्हे, आणि तिचे श्रेय हिरावून घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु या उद्योगाचे ज्ञान बाहेरचे होते आणि बाजारपेठ कोट्याच्या कागदावर उभी होती. १ जानेवारी २००५ रोजी कापडाचे आंतरराष्ट्रीय कोटे संपले. हाँगकाँगच्या कित्येक कंपन्यांनी यंत्रे उचलून स्वस्त मजुरीचा देश गाठला आणि हजारो स्त्रिया घरी बसल्या. टिकले ते मुख्यतः स्थानिक मालकीचे असे कारखाने, ज्यांनी मधल्या काळात सूतकताई, विणकाम, रंगाई आणि आरेखन आपल्या हाती घेतले होते.

साखरेवरही संकट आलेच. युरोपने २००६ पासून चार वर्षांत भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये जुना करार संपुष्टात आणला. अकरा कारखान्यांचे चार झाले आणि पुष्कळ कामगार निवृत्तीची रक्कम घेऊन बाहेर पडले. तरीही हा धंदा बेट सोडून गेला नाही, जाऊ शकतही नव्हता. त्याने कच्ची साखर धाडण्याऐवजी बेटावरच शुद्ध पांढरी साखर करण्यास प्रारंभ केला, मस्कोव्हाडो व देमेरारासारख्या खास साखरांचा व्यापार वाढवला आणि विजेचे उत्पन्न जोडीला घेतले. यंत्रे हलवता येतात, पण त्या मातीसाठी पन्नास वर्षांत तयार झालेली उसाची जात आणि ती ओळखणारी माणसे दुसऱ्या देशात नेऊन उपयोग नसतो. हा दोन उद्योगांतील भेद मला निर्णायक वाटतो.

उपकराच्या या पद्धतीत एक गंभीर दोषही आहे, आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. धंदा आकुंचन पावू लागला, म्हणजे नेमक्या ज्या वेळी नव्या ज्ञानाची निकड सर्वाधिक असते, त्याच वेळी संशोधनाची आमदनी घटते. उसाखालील क्षेत्र सत्तरच्या दशकाच्या मानाने आज सुमारे निम्म्यावर आले आहे. लहान शेतकऱ्यांची मुले नोकऱ्यांकडे वळली असून त्यांची कित्येक शेते पडीक आहेत. संशोधन संस्था २०१२ मध्ये ऊस उद्योग प्राधिकरणात विलीन झाली. सर्व विषयांच्या संशोधनासाठी १९९२ मध्ये जी परिषद निघाली, तिचे २०१९ मध्ये नवोन्मेष परिषदेत रूपांतर झाले खरे. तथापि एकंदर संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे, तर दक्षिण कोरियात तो चार टक्क्यांवर गेला आहे. आज बेटाचा चरितार्थ बऱ्याच अंशी पर्यटन, वित्तसेवा आणि एबेन येथील संगणकनगरी यांवर चालतो. पर्यटन ज्या प्रवाळांवर व उथळ खाजणांवर अवलंबून आहे, त्यांच्या अभ्यासासाठी, १९५३ च्या संस्थेच्या तोडीची आणि व्यावसायिकांनीच पोसलेली संस्था मात्र उभी राहिलेली नाही. हॉटेलमालकांनी दरखोलीमागे अल्पसा उपकर स्वतःवर बसवून घ्यावा आणि त्याची वसुली व विनियोग साखरेच्या जुन्या संस्थेच्या धर्तीवर व्हावा, असे मला मनापासून वाटते. पोर्ट लुईच्या बंदराइतकाच बेटाचा विमानतळही एकच आहे, तेव्हा वसुलीची अडचण कोणी पुढे करू शकणार नाही. पुढील लेखांकात कोस्टारिकाचे उदाहरण घेऊ, जेथे नव्वदच्या दशकात संगणकाचे भाग करणारी एक अमेरिकन कंपनी उतरल्यावर विद्यापीठांचे अभ्यासक्रमच बदलावे लागले.