धोट्याचा दोरा

गिरणगावच्या आठवणी निघाल्या, की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'आमच्या गिरणीत जातपात नव्हती.' परळ-लालबागला वाढलेल्या माझ्यासारख्याला ते ऐकायला गोड वाटतं. कोकणातला, घाटावरचा, उत्तरेतला भय्या, तेलंगणातला पद्मशाली, सगळे एकाच भोंग्यावर उठत हे खरंच आहे. पण वाक्य मात्र अर्धंच खरं आहे.

माग चालवताना धोट्यातली कांडी संपली, की कामगार नवी कांडी बसवायचा आणि सुताचं टोक बाहेर काढण्यासाठी धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत. (डॉक्टरांना याची भीती वाटे, ती रोग पसरण्याची.) अस्पृश्याचा उष्टा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असं म्हणून सवर्ण कामगारांनी साचेखातं, म्हणजे विणाईचं खातं, दलितांना बंद ठेवलं. सूत कातण्याच्या खात्यात मात्र दलित चालत. तिथं कमाई कमी होती! त्यात भरती जॉबरच्या हाती; तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणी. विटाळ आणि पगार यांचं असं छान जमलं होतं.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रचंड संप झाला. तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपसमितीला बजावलं : सगळी खाती आमच्या लोकांना खुली करण्याची मागणी घ्या, नाहीतर संपात राहू नका असं मी त्यांना सांगेन. समितीनं कुरकुरत ती घेतली. पुढे फॉसेट समितीपुढे हा विषय निघाला, तेव्हा मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही, असं त्यांचं उत्तर. दुर्दैवानं त्यात तथ्य होतं. दक्षिण आफ्रिकेतही १९२२ साली गोरे खाणकामगार संपावर गेले, ते कुशल कामं काळ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून. तिथं रंग, इथं जात.

तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. मतभेद मिटले नव्हते, पण दलित कामगार या वेळी आपला झेंडा घेऊन, बरोबरीच्या नात्यानं आला होता. ही एकजूट मला भोंग्याच्या एकजुटीपेक्षा अस्सल वाटते.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून संपल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. आता लालबाग-गिरगावात जागा बघायला गेलेल्या मराठी माणसाला कधी कधी विचारतात, 'मासे-मटण खाता का?' तो संतापतो, आणि ते रास्तच आहे. धोट्याची गोष्ट मात्र त्या वेळी फार थोड्यांना आठवते.