काटा उतरला म्हणजे गळतीच का?

थंड प्रदेशांतील अनेक घरे उष्णतापंपाने उबदार ठेवली जातात. बाहेरच्या हवेतील उष्णता तांब्याच्या नळ्यांतून फिरणारे शीतकद्रव्य घरात वाहून आणते. सांध्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र असले, तरी हे द्रव्य निसटते व यंत्र दुबळे होते. शिवाय अनेक यंत्रांतील आर-४१०ए हे द्रव्य शंभर वर्षांच्या हिशेबात, तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापमानवाढ घडविते. म्हणून ते भरण्यापूर्वीच नळ्यांची परीक्षा घेतात.

या परीक्षेस कोरडा नत्रवायू लागतो. प्राणवायू कदापि वापरू नये. दाबाखाली यंत्रातील तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. नत्रवायू टप्प्याटप्प्याने, उत्पादकाने नेमून दिलेल्या दाबापर्यंत भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले, की गळती सापडली!

बुडबुडे न दिसल्यास दाबमापकाचा काटा रात्रभर राखतात. समजा, सायंकाळी २० अंश सेल्सिअसला काटा ३० बारवर होता व पहाटे १० अंशांना २९ वर आला. ही गळती आहे काय? मित्रहो, येथे वर्गातील वायूंचा नियम आठवावा. बंद नळीतील वायूचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. वातावरणाचा १ बार मिळवून ३१. त्याला २८३ ने गुणून २९३ ने भागता सुमारे ३०. पुन्हा १ वजा करता २९! म्हणजे नळी निर्दोष आहे.

उलट, पहाटे भरलेल्या नळीचा काटा दुपारी जागच्या जागी दिसला, तर निश्चिंत होऊ नये. वाढलेल्या उष्णतेने खरी गळती झाकली असण्याचा संभव असतो. म्हणून जाणता कारागीर दाबाबरोबर तापमानही टिपून ठेवतो.