वीस हजार व्याख्यानांवर पडदा

विद्यापीठातील व्याख्यान वर्गाच्या चार भिंतींत उच्चारले जाते आणि तेथेच विरते, अशी पूर्वापार रीत. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने ती मोडली. प्राध्यापकांची व्याख्याने मुद्रित होऊन आंतरजालावर येऊ लागली. २००७ पासून तर यूट्यूबवर संपूर्ण अभ्यासक्रमच पाहावयास मिळू लागले. शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यानेही रात्री निवांत भौतिकशास्त्र ऐकावे, अशी ही सोय होती.

परंतु ज्यास ऐकूच येत नाही, त्याने काय करावे? अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये नेमकी हीच तक्रार नोंदविली. अनेक चित्रफितींना सबटायटल्स नव्हती. काहींना यंत्राने आपोआप जोडलेली होती, त्यांत चुका होत्या. गणिताच्या व्याख्यानात एक शब्द चुकला तरी सिद्धता कोसळते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्याचा येथे भंग होतो, असे न्याय खात्याने २०१६ मध्ये कळविले.

विद्यापीठाने खर्चाचा हिशेब मांडला आणि मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक मुद्रणे सार्वजनिक दृष्टीआड करण्यास आरंभ केला. ती पाहण्याची मुभा विद्यापीठातील लोकांपुरती उरली. बाहेरच्या काहींनी घाईघाईने प्रती करून ठेवल्या, हे बरेच झाले म्हणायचे.

ज्यांनी दार मागितले त्यांच्यामुळे सर्वांचेच दार बंद झाले, असा रोष तेव्हा उमटला. तो अन्यायाचा होता. फुकट वाटलेल्या धान्याचेही माप पुरे असावे, एवढेच मागणे होते; कोठारास कुलूप लावण्याचा निर्णय कोठारवाल्याचा. पुढे २०२२ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली आणि बर्कलेने आपले सार्वजनिक साहित्य कर्णबधिरांस व इतर दिव्यांगांस वापरता येईल असे करण्याचे मान्य केले.

आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केले. तेथे अनेक व्याख्यानांसोबत त्यांचा लिखित मजकूर मिळतो. काहींचा मराठी अनुवादही झाला आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याप्रमाणेच, इंग्रजी वेगाने कानांवर पडताच गोंधळणारा तालुक्याच्या गावचा मुलगाही तो मजकूर सावकाश, पुन्हा पुन्हा वाचू शकतो.