आमच्या सहा लढती आणि तेराशे पस्तीस मते

निवडणुकीचे वारे वाहू लागले की बंगळूरची आणि मुंबईची वृत्तपत्रे 'लक्षवेधी लढती' म्हणून एक यादी छापतात. कोणा माजी मुख्यमंत्र्याचा मुलगा कुठून उभा आहे, कुठल्या मंत्र्याला घरच्याच माणसाने आव्हान दिले आहे, कुठे सिनेमातला नट उतरला आहे, असा त्या यादीचा थाट असतो. बेळगुंदीच्या कट्ट्यावर, रताळ्याची पोती गाडीत चढवून झाल्यावर जी यादी तयार होते, ती निराळी असते. तिच्यात नावे मोजकीच: बेळगाव ग्रामीण, बेळगाव दक्षिण, बेळगाव उत्तर, खानापूर, आणि जरा लांबून पाहायच्या म्हणून यमकनमर्डी व निपाणी. कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागांपैकी आम्हा सीमावासीयांच्या काळजाला भिडणाऱ्या एवढ्याच. बाकीच्या जागांवर सरकार कोणाचे येणार ते ठरते. जमिनीचा उतारा आम्हाला वाचता येईल अशा लिपीत मिळावा, हे सभागृहात उठून विचारणारा कोणी असणार की नाही, ते मात्र या सहा जागांवर ठरते.

आमच्याकडे निवडणूक ही नुसती निवडणूक कधी नव्हतीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि त्यानंतरच्या पहिल्याच, १९५७ च्या निवडणुकीत सीमाभागाने महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माणसांना निवडून दिले. बेळगाव शहरातून बा. रं. सुंठणकरांसारखा इतिहासाचा अभ्यासक त्या विधानसभेत गेला. सार्वमत घ्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा दर पाच वर्षांनी येणारी मतपेटी हेच आमचे सार्वमत, असा त्यामागचा साधा विचार होता. समितीचा प्रत्येक आमदार म्हणजे लोकेच्छेचा एक पुरावा. पुढे २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, ८६५ गावांची मागणी कागदावर गेली. पण लोकेच्छेचा पुरावा मतपेटीतूनच द्यायचा ही जबाबदारी काही संपली नाही.

१९९६ ची लोकसभा निवडणूक आमच्या पिढीला विसरता येणार नाही. बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. दिल्लीला सीमाप्रश्न ऐकू जावा म्हणून समितीने गावोगावच्या साध्या माणसांना अर्ज भरायला लावले होते. मतपत्रिका कसली, ते बाडच होते; शिक्का कुठे मारायचा ते शोधायला पाने उलटावी लागत. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नासाठी ४८० उमेदवार उभे होते, म्हणजे गाऱ्हाणे मांडायची ही रीत आम्हालाच सुचली होती असे नाही. पुढे कायदा बदलून अनामत रकमा वाढवल्या आणि ती वाट जवळजवळ बंद झाली. आता गर्दी करून नव्हे, जिंकूनच बोलावे लागते. आणि जिंकण्याचा हिशेब आम्हाला गेली काही वर्षे नीट जमलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

उचगाव गेले, ग्रामीण आले

तालुक्याचा हा पश्चिम भाग पूर्वी उचगाव मतदारसंघात होता. बसवंत पाटील आणि त्यांच्यामागून १९९९ साली मनोहर किणेकर असे समितीचे आमदार तिथून गेले. २००८ पासून मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली आणि उचगाव व बागेवाडी ही दोन्ही नावे नकाशावरून पुसली गेली. बेळगाव शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. काकती-कडोली भागातील मराठी गावे यमकनमर्डीला, म्हणजे अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या जागेला जोडली गेली. उरलेल्याचा बेळगाव ग्रामीण झाला. त्या वर्षी समितीचा एकही आमदार विधानसभेत गेला नाही. कोणी रेषा ओढल्या, कशा ओढल्या, यावर तेव्हा चर्चा खूप झाली. ती रेषा ओढण्याआधी झाली असती तर बरे, असे आता वाटते.

बेळगुंदीकरांसाठी पहिली लढत अर्थात ग्रामीणची. इथे १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनाची आठवण अजून घरोघरी आहे. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला माणसे जमतात, त्यांत आमच्या पंचक्रोशीतली असतातच. कारण त्या आंदोलनात गोळ्या बेळगुंदीनेही झेलल्या आहेत. अशा मतदारसंघात २०१३ साली काय झाले? भाजपचे संजय पाटील यांना ३८,३२२ मते आणि समितीचे किणेकर यांना ३६,९८७. फरक १,३३५. काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर तेव्हा तिसऱ्या होत्या. तेराशे पस्तीस मते म्हणजे किती? एका मोठ्या गावातली दोन मतदान केंद्रे. त्या दिवशी लग्नाला गेलेले, पुण्याहून यायला एसटी न मिळालेले आणि 'आपल्या एका मताने काय होते' म्हणून शेतावरच राहिलेले यांची बेरीज केली तर ती याहून जास्त निघेल, असे आम्हाला आजही वाटते.

पाच वर्षांनी चित्र पार पालटले. २०१८ साली समितीत दुफळी होती, एकमेकांवर पत्रके निघत होती. हेब्बाळकरांनी १,०२,०४० मते घेतली आणि समिती तेवीस हजारांच्या घरात आली. २०२३ साली एकच अधिकृत उमेदवार, आर. एम. चौगुले, उभे राहिले तेव्हा समितीची मते पुन्हा चाळीस हजारांच्या आसपास गेली. पण हेब्बाळकरांना १,०७,६१९ मते पडली. भाजपच्या नागेश मन्नोळकरांची ५१,६०३ आणि समितीची मते एकत्र केली तरी तो आकडा गाठता येत नाही. म्हणून ग्रामीणची लढत आम्हाला जवळची असली तरी आज ती चुरशीची आहे, असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होईल.

हे कसे झाले ते समजायला राजहंसगडावर जावे. येळ्ळूरच्या त्या गडावर शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला आणि २०२३ च्या मार्च महिन्यात, निवडणूक तोंडावर असताना, त्याचे उद्घाटन अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोनदा झाले. एकदा भाजप सरकारच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, एकदा काँग्रेसवाल्यांकडून. त्याच महिन्यात समितीने गडावर जाऊन महाराजांना दुग्धाभिषेक केला. जे पक्ष एरवी मराठी फलकावरून भुवया चढवतात, तेच मराठी मतासाठी गड चढून आले. उमेदवारही आता मराठीच देतात: ग्रामीणमध्ये मन्नोळकर, खानापुरात हलगेकर नि निंबाळकर. मराठी माणूस निवडून येतो, मराठीचा प्रश्न मात्र मागे राहतो, ही नवी अडचण आमच्या वडीलधाऱ्यांच्या वेळी नव्हती.

खरी चुरस कुठे

आकड्यांना विचारले तर उत्तर येते बेळगाव दक्षिण. २०१३ साली संभाजी पाटील यांनी ही जागा समितीसाठी ६,३१० मतांनी घेतली होती. २०१८ साली भाजपच्या अभय पाटलांनी ती अठ्ठावन्न हजारांहून अधिक फरकाने परत नेली. एवढ्या पडझडीनंतर समिती इथे संपली असेच बहुतेकांनी गृहीत धरले. आणि २०२३ साली रमाकांत कोंडुसकर यांना ६४,७८६ मते मिळाली. अभय पाटलांना ७७,०९४. फरक १२,३०८ वर आला. राष्ट्रीय पक्षाचा एक उमेदवार मागे टाकून समिती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. शहापूर, वडगावच्या मराठी वस्तीने ठरवले तर काय होते ते त्या दिवशी दिसले. २०२८ च्या विधानसभेत ज्या एका जागेकडे आम्ही डोळे लावून बसू, ती हीच.

बेळगाव उत्तरची गोष्ट वेगळी. तिथे २०२३ साली काँग्रेसचे आसिफ सेठ भाजपच्या रवी पाटलांवर ४,२३१ मतांनी निवडून आले आणि समितीच्या अमर येळ्ळूरकरांना ११,७४३ मते पडली. म्हणजे समितीची मते विजयाच्या फरकाहून कितीतरी अधिक. यावर दोन्ही पक्षांचे लोक आम्हाला येऊन सांगतात की समितीला दिलेले मत वाया जाते, दुसऱ्याच्या पथ्यावर पडते. आम्हाला ते पटत नाही. ज्या मतांच्या जोरावर निकाल फिरू शकतो ती मते वाया कशी? २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुणाला १,१७,१७४ मते मिळाली, आणि विजयी व पराभूत राष्ट्रीय पक्षांतला फरक होता ५,२४० मतांचा. त्यानंतर मराठी मतांची विचारपूस करायला किती गाड्या गावात आल्या ते गावाने पाहिले आहे.

खानापूरविषयी लिहिताना हात जड होतो. एके काळी तिथे समितीची उमेदवारी म्हणजे आमदारकीच समजत. २०१३ साली अरविंद पाटील निवडून आले. २०१८ साली समितीच्याच दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले. काँग्रेसच्या अंजली निंबाळकर ३६,६४९ मतांवर निवडून आल्या, आणि आपल्या दोघांच्या मतांची बेरीज त्याहून अधिक होती. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली आणि खानापुरात सिद्ध करून दाखवली. २०२३ साली भाजपचे विठ्ठल हलगेकर ९१,८३४ मते घेऊन गेले, समिती दहा हजारांच्या आत आली. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलातल्या वाड्यांनी इतकी वर्षे जे राखले, ते आमच्या पुढाऱ्यांना एका खोलीत बसून राखता आले नाही. रुसवा मतदाराचा होता आणि तो रास्त होता.

निपाणीला हाच हिशेब लावून चालत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या भाषेबरोबर तंबाखू बोलते. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखू शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन बारा जणांचे बळी गेले, तेव्हापासून तिथल्या राजकारणाला शेतमालाच्या भावाची धार आहे. २०२३ साली भाजपच्या शशिकला जोल्ले ७३,३४८ मतांवर निवडून आल्या. राष्ट्रवादीचे उत्तम पाटील ६६,०५६ मते घेऊन दुसरे आले, काँग्रेसचे काकासाहेब पाटील तिसरे. प्रचार सगळ्यांचा मराठीत. निपाणीकर मराठीत भांडतो, मराठीत जिंकतो आणि मराठीतच हरतो. सीमाप्रश्न मात्र त्या भांडणात सहसा येत नाही.

महाराष्ट्राच्या नेत्यांबद्दल दोन शब्द. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागाच्या बाजूने एकमताने ठराव केला. सहाच महिने उलटायच्या आत, २०२३ च्या निवडणुकीत, देवेंद्र फडणवीस भाजपच्या प्रचाराला बेळगावात आले आणि समितीच्या कार्यकर्त्यांनी काळे झेंडे दाखवले. संजय राऊत समितीच्या प्रचाराला आले. चंदगडच्या हद्दीपलीकडे आमची सोयरीक आहे, तिथल्या विधानसभेच्या लढतीही आम्ही आवडीने पाहतो. पण ठराव मुंबईत आणि प्रचार समितीविरुद्ध, हे आमच्या गावातल्या अडाणी म्हाताऱ्यालाही कळते.

उमेदवारी आणि नकाशा

आम्हाला विचाराल तर सर्वांत महत्त्वाची लढत मतदानाच्या दिवशी होतच नाही. ती दोन महिने आधी, उमेदवार ठरवताना होते. २०१८ आणि २०२३ चे आकडे शेजारी ठेवा: ग्रामीणमध्ये तेवीस हजारांचे चाळीस हजार झाले, दक्षिणमध्ये एकवीस हजारांचे चौसष्ट हजार झाले. पाच वर्षांत मराठी माणसे काही तिप्पट झाली नाहीत. उमेदवार एक होता, एवढाच फरक. गावोगावच्या प्रतिनिधींनी मत देऊन उमेदवार ठरवावा आणि ज्याचे नाव निघणार नाही त्याने दुसऱ्या दिवशी त्याच्याच प्रचारात फिरावे, ही अट ज्याला मान्य नसेल त्याने अर्जच मागू नये.

दुसरी लढत नकाशाची. मतदारसंघांची संख्या २००१ च्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. म्हणजे रेषा पुन्हा ओढल्या जाण्याची वेळ येणार. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रे द्यावीत, या नियमाचा आधार आम्ही नेहमी घेतो. तो टक्का ज्या जनगणनेत मोजला जाईल तीच जनगणना मतदारसंघही ठरवील. मोजणीदार दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले ते डोळ्यांनी पाहून घ्यावे लागेल. पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागवतात आणि सुनावणी होते. उचगाव गेले तेव्हा आमच्यापैकी कितींनी हरकत नोंदवली होती? या खेपेस गावपंचायतींनी ठराव आधीच करून ठेवावेत. राकसकोप, बेळगुंदी, उचगाव आणि तुरमुरीच्या वाटेवरची सगळी गावे एकत्र राहावीत एवढीच मागणी त्यात असली तरी पुरे. मसुदा येईल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावरचे मोठे आकडे वाचत बसणार नाही. शेवटच्या पानांवर गावांची यादी असते, ती उघडून बेळगुंदीचे नाव कोणत्या मतदारसंघाखाली आहे ते आम्ही आधी पाहणार आहोत.