भावी पुनर्विकासासाठी निवासी जमिनीची आगाऊ खरेदी : विशेष संदर्भ नागरा (जि. गोंदिया)

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या मुख्यालयाचा विस्तार होऊ लागला की त्याचा पहिला ताण लगतच्या गावांवर पडतो. प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे नागरा हे असेच शहरालगतचे गाव होय. अशा गावातील वस्तीची जमीन शहराने भविष्यातील पुनर्विकासासाठी आधीच विकत घ्यावी काय, हा प्रश्न केवळ किमतीचा नाही. खरेदी आणि प्रत्यक्ष विकास यांमधील प्रतीक्षेचा भार कोणी सोसावा, हा त्यातील मूळ मुद्दा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली नगर सुधार न्यासाची स्थापना झाली. न्यासाने दोन मार्ग अवलंबिले. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडून तेथे नवी आखणी केली आणि दादर-माटुंगा भागातील जमिनी घेऊन त्यांवर नव्या वसाहती आखल्या. पहिल्या मार्गात पर्यायी घरांपूर्वीच राहती घरे गेली. दुसऱ्यात शहराला जागा मिळाली, परंतु त्यास दीर्घ काळ लागला. विदर्भात नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ साली झाला.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार आरक्षित जमीन समझोत्याने, विकास हक्क वा चटई क्षेत्राच्या मोबदल्यात किंवा भूसंपादनाद्वारे घेता येते. दहा वर्षांत जमीन न घेतल्यास कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत चोवीस महिन्यांची आहे. त्या मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण व्यपगत होते. केवळ प्रस्ताव पाठविणे म्हणजे असे पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात आणखी दोन संरक्षणे आहेत. ताब्यानंतर पाच वर्षे विनावापर राहिलेली जमीन मूळ मालकास किंवा शासनाच्या भूमी पेढीस परत करण्याची तरतूद त्यात आहे. तसेच नागरी भागात तीन वर्षांहून अधिक काळ राहणारे कुटुंबही ‘प्रभावित’ ठरते. समझोत्याच्या खरेदीत मात्र ही संरक्षणे आपोआप लागू होत नाहीत. त्यामुळे मालकास किंमत मिळते, पण भाडेकरू हिशेबाबाहेर राहण्याचा धोका असतो.

गावठाणाचा प्रश्न

गावठाणातील अनेक घरांचा हाताशी असलेला कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील घरांच्या मालमत्ता पत्रिका तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. अशी पत्रिका हाती येण्यापूर्वीच खरेदी झाल्यास पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाची सौदाशक्ती क्षीण होते.

निष्कर्ष

आगाऊ खरेदी सर्वस्वी त्याज्य नाही. भाव वाढण्यापूर्वी घेतलेली जमीन शाळा, रस्ते व परवडणारी घरे यांसाठी उपयोगी पडते. तथापि, खरेदीच्या ठरावातच प्रयोजन व कालमर्यादा नमूद असावी, भाडेकरूंसह सर्व रहिवाशांची यादी आधी तयार व्हावी आणि काम सुरू होईपर्यंत पाणी, दिवाबत्ती व दुरुस्ती अखंड राहावी. या अटी नसल्यास शहराच्या उद्याची किंमत गावच्या आजच्या रहिवाशाला मोजावी लागेल.