पितळेचं पातेलं आणि बाळाचं लिव्हर

येरवड्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने कौतुकाने सांगितलं, "नातवासाठी सासूबाईंचं पितळेचं पातेलं माळ्यावरून काढलंय. त्यातच दूध तापवणार." आम्ही आधी विचारलं, कल्हई आहे का? नव्हती. मग विषय निघाला.

पूर्वी आपल्याकडे एक-दोन वर्षांची मुलं एका आजाराने जायची. मूल किरकिरं व्हायचं, पोट फुगायचं, लिव्हर हाताला कडक लागायचं. कावीळ दिसली की बहुतेकदा आशा संपायची. कधी त्याच घरात पुढचं मूलही तसंच आजारी पडायचं. नशिबाला बोल लावण्यापलीकडे आई काय करणार? हा आजार इतर देशांत क्वचितच दिसे, म्हणून डॉक्टरांनी नाव ठेवलं 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस'.

त्याचा छडा लावण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांना या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं बेसुमार साठलेलं दिसत होतं. ते येतं कुठून? त्यांनी बाळाच्या दुधाची चौकशी केली. अंगावरचं दूध लवकर थांबवून वरचं दूध सुरू केलेलं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं! १९८३ साली त्यांनी हे कारण जगापुढे मांडलं. पितळेत तांबं असतंच. दुधातलं केसीन ते धरून ठेवतं. तान्ह्या बाळाचं लिव्हर जास्तीचं तांबं बाहेर टाकायला अजून कच्चं असतं. तशी भांडी घरोघरी होती, आजार मात्र मोजक्याच मुलांना झाला. त्यामुळे काही बाळांत उपजत दोषही असावा, असं मानतात.

नाव 'इंडियन', पण ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजाराने गेली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यातलंच.

शरीरातलं तांबं काढणारं पेनिसिलामाइन लवकर दिल्यावर काही मुलं वाचली. पण खरा फरक पडला तो भांडी बदलल्यावर. घरात स्टील आलं आणि आजार जवळपास नाहीसा झाला. म्हणून आजचे तरुण डॉक्टर तो पुस्तकातच वाचतात.

आता तांब्या-पितळेची हौस परत आलीय. मोठ्या माणसांनी कल्हईच्या पातेल्यात भाजी करावी, आमची ना नाही. पण बाळाला सहा महिने अंगावरचंच दूध, आणि नंतर वरचं दूध तापवायचं ते स्टीलमध्येच. कल्हई कधी उडाली हे आपल्याला कळतही नाही, आणि कल्हईवाला तर आता वर्षानुवर्षं दिसत नाही.

त्या मैत्रिणीने पातेलं घासून लख्ख केलंय. त्यात आता तुळशीशेजारी झेंडू लावलाय.